लघुप्रबंधात ‘वावर’ लिहू की ‘शेत’?

संत्रापट्टी:
नमस्कार. मी नागपुरात एमए समाजशास्त्राच्या चौथ्या सेमिस्टरला आहे. गाव काटोलकडचं, विषय संत्र्याच्या बगीच्यातली मजुरी. परवा गाईड मॅडमनी पहिलं प्रकरण परत दिलं. ‘आमच्या वावरात’ खोडून ‘अभ्यासक्षेत्रातील शेतात’ केलेलं. ‘मी पाहिलं’च्या जागी ‘संशोधकास आढळून आले’. ‘बगीच्याला ताण दिला’ यापुढे प्रश्नचिन्ह. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत झाडाचं पाणी तोडतात, पानं मलूल होऊन गळायला लागली की पुन्हा सोडतात, मग झाड फुलतं. आमच्याकडे हे शेंबड्या पोराला माहीत असतं.

मॅडम चांगल्या आहेत, ओळ न् ओळ वाचतात. पण दोन महिने असं लिहून माझं बोलणंच बदललं. रविवारी बाबांचा फोन आला. मी विचारलं, ‘‘शेतात आहात का?’’ ते थांबले. मग म्हणाले, ‘‘वावरात हावो न. काऊन असा बोलून रायला रे? कोनी सर बसले का जवळ?’’

होस्टेलच्या खोलीत मी एकटाच होतो.

घरात कॉलेजला आलेला मी पहिला. हे लिहिणं मला घडवतंय की घरापासून तोडतंय? तुमचं काय झालं होतं?

एसटीचा पास:
भाऊ, आधी कामाचं सांगतो. संशोधन पद्धतीच्या प्रकरणात ‘संशोधकाची भूमिका’ असा भाग टाक. बगीचा घरचा आहे, मजूर ओळखीचे आहेत, हे तिथे ‘मी’ म्हणून सरळ लिही. मजुरांच्या बोलण्यातलं ‘वावर’ अवतरणात तसंच ठेव, त्याला कोणी हात लावू शकत नाही. ‘ताण’चा अर्थ पहिल्यांदा येईल तिथे दोन ओळींत दे. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांची कर्नाटकातल्या रामपुरा गावाची टिपणं १९७० साली स्टॅनफर्डला आगीत सापडली, तेव्हा त्यांनी ते गाव आठवणीतून लिहिलं, अन् त्यात ‘मी’ जागोजागी आहे. मॅडमना हे दाखव. ऐकतील.

बर्डीवरचा काका:
पोरा, मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ म्हणून ज्याचं नाव घेतात, ते लीळाचरित्र तेराव्या शतकात म्हाइंभटांनी रिद्धपूरला सिद्ध केलं. रिद्धपूर अमरावती जिल्ह्यात, म्हणजे आपल्याच मुलखात. ग्रंथात शिरायला आपल्या बोलीला कुणाची परवानगी लागत नाही. मी चाळीस वर्षं कॉलेजात ‘शुद्ध’ बोललो. आई गेल्यावर मात्र तिच्याशी बोलायचो ते शब्द घरात कुणापाशी बोलावे, हा प्रश्न पडला. बाबांचा फोन आला की वावरच म्हण.

उमरेडची:
मला थोडं वेगळं वाटतं. मला त्या ‘संशोधक’ शब्दानेच बळ दिलं. माझी आई दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायची. घरातली पोरगी म्हणून मी मामाला कधीच विचारू शकले नसते, की माणसाला जास्त अन् बाईला कमी रोजी काऊन? पीएचडीची वही मांडीवर घेऊन विचारलं, तेव्हा त्यांनी नीट बसून उत्तर दिलं. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. त्यांच्या धुऱ्यापर्यंत तो पोचलाच नव्हता.

तू बगीचेवाल्याचा मुलगा आहेस. ‘आमचं वावर’ म्हणतोस, तेव्हा त्या ‘आमचं’मध्ये तिथे राबणाऱ्या बाया धरतोस का? तुझ्या मॅडमनी खोडलं ते कदाचित यासाठीही असेल. विचारून तर बघ.

संत्रापट्टी:
ताई, तुमचं वाचून बाबांकडून हिशेबाच्या वहीचे फोटो मागवले. तोडीच्या पानावर शिडीवर चढणाऱ्या गड्यांची नावं आहेत, प्रत्येकापुढे रोजी. खाली नुसतं ‘बाया ६’. त्यातल्या एकीने मला लहानपणी कडेवर घेऊन फिरवलंय. तिला मी मावशी म्हणतो, पण तिचं नाव मला येईना. बाबांनाही आईला विचारावं लागलं.

काका, फोनवर मी ‘वावर’ म्हणालो. बाबा हसले.

शनिवारच्या एसटीने गावी जातो. प्रबंधात नावं बदलावी लागतील, पण सहाही जणींची खरी नावं आधी माझ्या वहीत लिहून घेतो.