गाव दुसऱ्या शहरात विलीन झालं की नक्की काय जातं? (जपानचं ओगात्सु)

खाडीपलीकडचा: आमच्याकडे सध्या टपरीवर एकच विषय, आपली ग्रामपंचायत शेजारच्या नगरपंचायतीत घेणार म्हणे. खरं खोटं देव जाणे. त्यात परवा जपानच्या सुनामीचा एक फोटो बघितला, इमारतीच्या गच्चीवर अख्खी बस चढून बसलीय. गाव ओगात्सु. शोधलं तर हे गाव २००५ लाच बरखास्त! सुनामी तर २०११ ची ना? मग आधीच कसं गेलं?

सहाण_आणि_शाई: गाव गेलं नाही हो, नगरपालिका गेली. १ एप्रिल २००५ ला ओगात्सु धरून सहा छोटी गावं आणि इशिनोमाकी शहर मिळून एकच मोठं शहर केलं. जपानभर तेव्हा हीच लाट होती, १९९९ ला ३२३२ नगरपालिका होत्या त्या २०१० पर्यंत १७२७ वर आल्या.
ओगात्सुची खरी ओळख म्हणजे तिथला काळा पाटीचा दगड. आपली चंदनाची सहाण असते ना, तशी शाई उगाळायची सहाण बनवतात त्याची, सुझुरी म्हणतात. टोकियो स्टेशनच्या छपरालाही हाच दगड. दुरुस्तीसाठी तयार ठेवलेल्या पाट्या सुनामीत वाहून गेल्या, लोकांनी चिखलातून वेचून धुतल्या आणि त्यातल्या बऱ्याच छपरावर चढल्या सुद्धा. हे वाचून मी कितीतरी वेळ नुसती बसून होते.
आणि गंमत म्हणजे ओगात्सु स्वतःच विलीनीकरणातून झालेलं. १८८९ ला किनाऱ्यावरच्या वाड्या एकत्र करून जे गाव केलं त्याचं नाव जूगोहामा, म्हणजे पंधरा किनारे. ओगात्सु हे नाव १९४१ ला लागलं.

हिशोबी_माणूस: भावनिक व्हायच्या आधी पैसे बघा. जपानमध्ये तेव्हा मुदतीत विलीन झालात तर खास कर्जरोखे काढायची परवानगी होती, आणि फेडीतला ७० टक्के भार सरकार उचलणार होतं. तरुण पोरं शहरात, मागे म्हातारी माणसं, कर येणार कुठून? कोण नाही म्हणेल? शेजारचं ओनागावा मात्र राहिलं वेगळं, कारण तिथे अणुवीज प्रकल्प, कराचं उत्पन्न तगडं. नकाशात बघा, जमिनीच्या बाजूने सगळीकडून इशिनोमाकी आणि मध्ये हे एकटं.

मालवणी_झील: आमच्या देवगड-जामसंड्यात निदान दोन्ही नावा ऱ्हवली, मधी एक रेघ मारून 😄 थंयसर काय केल्यानी नावाचा?

सहाण_आणि_शाई: नाव पत्त्यात आहे अजून, इशिनोमाकी शहर, ओगात्सु-चो, पुढे वाडीचं नाव. जुनं ऑफिस शाखा म्हणून चालू ठेवलं. पण सुनामीनंतर घरं कुठे बांधायची, लाट अडवायची किनाऱ्यावरची भिंत किती उंच, हे ठरवताना ओगात्सुची स्वतःची काउन्सिल नव्हतीच, सगळं इशिनोमाकीच्या काउन्सिलमध्ये. भिंत ९.७ मीटरची झाली, त्यामागून समुद्र दिसत नाही अशी लोकांची तक्रार. चार हजारांवर वस्ती होती, आता साधारण पाव उरलीय. ते सगळं विलीनीकरणामुळे असं मी म्हणणार नाही हं, सुनामीने गावच धुऊन नेलं होतं.

खाडीपलीकडचा: धन्यवाद ताई. आमच्याकडे चर्चा फक्त घरपट्टी किती वाढेल याचीच चाललीय. बंधाऱ्याचं कोण ठरवणार, हे पुढच्या ग्रामसभेत विचारतो.

मालवणी_झील: इचार, पण ग्रामसभा ऱ्हवासर इचार 😄