पार्टी आपली, बार आपला, मग टीप कोणाची?

पार्टीत बार ठेवला की हे प्रश्न येतातच: बारटेंडरला टीप कोणी द्यायची, काउंटरवर टीपेची बरणी ठेवू द्यायची का, एखाद्याला जास्त झाली तर 'आता बास' कोणी म्हणायचं? माझं मत पक्कं आहे. बोलावणं आपलं असेल तर पाहुण्यावर खिशात हात घालायची वेळ येऊ नये. तुमचे अनुभव लिहा आणि गाव आवर्जून लिहा, कारण रीत जागेगणिक बदलते.

एडिसन, न्यू जर्सी
आई-बाबांच्या लग्नाच्या पन्नाशीसाठी हॉल घेतला. करारात २० टक्के सर्व्हिस चार्ज होता. सही करण्याआधी वहिनीने मॅनेजरला सरळ विचारलं, "यातलं बारवर उभ्या राहणाऱ्यांना किती मिळणार?" तो म्हणाला, "ही हॉलची फी, त्यांची टीप वेगळी." मग दोन्ही बारटेंडरना पाहुणे यायच्या आधीच पाकिटं दिली आणि बरणी काउंटरखाली ठेवायला सांगितली. बाबांचे मित्र डॉलर काढायला लागले की त्या दोघी बारटेंडर हसून म्हणायच्या, "यजमानांनी दिलंय." बाबांना त्याचं फार समाधान वाटलं. अमेरिकेत टीपवर काम करणाऱ्यांना मालकाने द्यायचं केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरच आहे. काही राज्यांत जास्त आहे, पण एकूण टीप हा पगारच.

सॅन होजे
कॅलिफोर्नियात टीप पगारात धरता येत नाही, किमान वेतन पूर्ण द्यावं लागतं. तरी आम्ही बारच्या बिलावर २० टक्के देतोच.

जर्सी सिटी
टीप द्याच, पण बारटेंडरला नाही म्हणायची मुभाही द्या. पाहुणा झिंगलाय आणि गाडी चालवणार आहे हे माहीत असूनही त्याला पाजत राहिलेला यजमान अपघाताच्या भरपाईला जबाबदार ठरू शकतो, असा निकाल न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये दिला. आमच्या दिवाळी पार्टीत बारटेंडरने एका काकांना पेगऐवजी लिंबू-सोडा दिला. काका तणतणत माझ्याकडे आले. मी म्हटलं, "काका, बारवर तिचा शब्द शेवटचा." गाडीची किल्ली काकूंकडे दिली.

पुणे
क्लबहाउसमध्ये पार्टी करायची तर आधी उत्पादन शुल्क खात्याचा एक दिवसाचा परवाना काढावा लागतो. शिवाय पंचविशीच्या आतल्यांना व्हिस्की-रम नाही. पण मला बोलायचंय ते बारमागच्या पोरांबद्दल. रंगात आलेले पाहुणे पेग बनवणाऱ्याच्या हातात पाचशेची नोट कोंबतात. बर्फ फोडणारा, ग्लास विसळणारा, चखण्याच्या बशा भरणारा यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. कॅप्टनकडे, म्हणजे त्यांच्या म्होरक्याकडे, एकरकमी दिलं तर खालपर्यंत पोचलं की नाही, कळायला मार्ग नसतो. माझी आई प्रत्येकाला नाव विचारून हातात पाकीट देते आणि जेवण आवरायच्या आधी त्यांना पंगतीला बसवते. रात्री उशिरा बस नसते, म्हणून रिक्षाचे पैसे वेगळे. ही रीत सगळ्यांनी उचलावी असं मनापासून वाटतं.

ठाणे
रेस्टॉरंटमध्ये वाढदिवस केला, तर बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज आधीच लावलेला. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या सूचनांनुसार तो आपोआप लावता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही त्या कायम ठेवल्या. आम्ही तो काढायला लावला आणि तेवढेच पैसे रोख, वाढणाऱ्या मुलांच्या आणि बारवाल्याच्या हातात दिले.