लॉगिंगच्या (गाडीतले आकडे नोंदवायच्या) सॉफ्टवेअरला पैसे घालणारे येडे? एकदा चोर्ला घाट उतरून बघा

एस्टीम १३००
परवा एकानं इथं लिहिलं, 'तीनशे रुपयांचा ब्लूटूथ डोंगल आणि फुकटचं अ‍ॅप असताना ट्यूनिंग सॉफ्टवेअरचं पेड व्हर्जन घेणं म्हणजे शेतात विहीर असून टँकर मागवणं.' त्यावर अंगठ्यांचा पाऊस. तिथंच उत्तर देणार होतो, पण लांबलं, म्हणून वेगळा धागा.

आधी डोंगल, म्हणजे गाडीच्या ईसीयूतले (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले) आकडे मोबाइलवर दाखवणारी डबी. त्या निळ्या डबीवर 'ईएलएम ३२७, व्ही १.५' छापलेलं असतं. मूळ कंपनीनं १.५ नावाचं व्हर्जन कधी काढलंच नाही, म्हणजे डबी जन्मापासून खोटं बोलते. असू दे, चालते ना. पण ती गाडीला एक प्रश्न विचारते, उत्तर आलं की पुढचा. सेकंदाला आठ-दहा उत्तरं मिळाली तर नशीब. तुम्ही आरपीएम, बूस्ट, टायमिंग, थ्रॉटल, इनटेकचं तापमान आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण; १ म्हणजे बरोबर, त्याखाली पेट्रोल जास्त, वर पेट्रोल कमी) अशी सहा मागितलीत की एकेकाच्या वाट्याला सेकंदाला दीड. दुसऱ्या गिअरमध्ये चार सेकंद दाबलं की हातात सहा ठिपके. ६००० आरपीएमला इंजिनाचं एक चक्र २० मिलिसेकंदांत संपतं. दोन ठिपक्यांच्या मध्ये तीसेक चक्रं गेली. तेवढ्यात नॉक झालं (पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोकलं), ईसीयूनं ठिणगीचं टायमिंग मागं घेतलं, परत पुढं आणलं, आणि तुम्ही सरळ रेघ बघून म्हणताय 'इंजिन एकदम खूश'.

आता माझी गाडी. जुन्यांना माहीत आहे: एस्टीम, बाईकच्या चार थ्रॉटल बॉडी, मेगास्क्वर्टचा ईसीयू. इतकी वर्षं त्याचं ट्यूनिंग सॉफ्टवेअर, ट्यूनरस्टुडिओ, फुकटचंच वापरलं. लॉग काढायचा, वहीत लिहायचं, फ्युएल टेबलची (कधी किती पेट्रोल द्यायचं त्या तक्त्याची) २५६ घरं हातानं दुरुस्त करायची. गेल्या महिन्यात पहाटे निघालो. जांबोटी, कणकुंबी, वर चोर्ल्यापर्यंत फुल थ्रॉटलला लॅम्डा ०.८७, ट्यून केला तसाच. घाट उतरून साखळीच्या पुढं एका टेम्पोला मागं टाकायला दाबलं तर ०.९५. परत दाबलं, परत ०.९५. पाय काढला. पणजीपर्यंत साठच्या वर नेली नाही. बायको म्हणाली, एवढं हळूच जायचं होतं तर बसनं आलो असतो की.

घरी येऊन लॉग उघडला. बॅरोचा (बाहेरच्या हवेच्या दाबाचा) कॉलम बेळगावपासून पणजीपर्यंत ९२.५ किलोपास्कलवर सपाट. माझ्या सेटिंगमध्ये चावी लावतानाच हवेचा दाब एकदा मोजला जातो, आणि पुढं तोच धरून बसतो. आपण बेळगावात साडेसातशे मीटरवर, खाली समुद्र, तिथं १०१. गाडी अल्फा-एनवर, म्हणजे पेट्रोल थ्रॉटल किती उघडलाय त्यावरून. हवा आठ-नऊ टक्के वाढली, पेट्रोल मात्र बेळगावच्याच मापानं. पणजीत पंपावर चावी बंद करून परत लावली होती, तिथून पुढं ०.८७.

त्याच रात्री पेड व्हर्जन घेतलं. टेबल आता चालता चालता स्वतः दुरुस्त होतं. विहीरवाले, बोला.

उद्यमबागचा फिटर
बोलतो की. बॅरोचा कॉलम फुकटच्या व्हर्जनात दिसत नाही काय? तुझा लॉग फुकटच्याच व्हर्जननं काढलेला. त्यातच चूक सापडली. आणि पैसे घातलास पेडला. डोळे पेड व्हर्जनबरोबर येतात काय बे?

एस्टीम १३००
मामा, मुद्दा टेबल दुरुस्तीचा आहे.

उद्यमबागचा फिटर
टेबल बरोबरच होतं रे. वर चोर्ल्यापर्यंत ०.८७ म्हणतोस ना? मग ते आपोआप दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर घेऊन काय दुरुस्त केलास? उलट बॅरो चुकलेला असताना ते चालू ठेवलं असतंस तर गोव्यातली चूक त्यानं बेळगावच्या टेबलात घातली असती.

शहापूरकर (सध्या पुणे)
फिटर मामांचा हा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे आणि मला तो कबूल करताना त्रास होतोय. मी ऑफिसात दिवसभर इन्का सॉफ्टवेअरवर कॅलिब्रेशन (ईसीयूतले आकडे बसवायचं काम) करतो. आमच्याकडेसुद्धा नवीन मुलं पहिली चूक हीच करतात. सेन्सर तपासण्याआधी ऑटोट्यून (आपोआप दुरुस्ती) चालू करतात.

निपाणी २३
सगळे बॅरो बॅरो करताय. एक साधा प्रश्न. पणजीत पंपावर थांबलास, पेट्रोल भरलंस की नाही?

एस्टीम १३००
भरलं. हजाराचं.

निपाणी २३
मग झालं! चावीही फिरवली आणि पेट्रोलही बदललं. एका वेळी दोन गोष्टी बदललास आणि श्रेय एकीला. बेळगावचं पेट्रोल ई२० (२० टक्के इथेनॉलवालं) होतं, त्यानं लीन झाली (पेट्रोल कमी पडलं). माझ्याकडे वाइडबँड (एक्झॉस्टमधून हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा मीटर) आहे. ई२० ला एएफआर (हवा-इंधन गुणोत्तर) १३.५ लागतं आणि माझा मीटर १४.७ दाखवतो. म्हणजे माझी गाडी रोज लीन चालते, रोज थोडी जळते. बाईकचं मायलेज ५२ वरून ४६. कोगनोळीच्या अलीकडे आमच्याकडे पेट्रोल स्वस्त म्हणून कोल्हापूरवाले टाकी फुल करायला येतात, त्यांना म्हणावं घेऊन जा सगळं.

शहापूरकर (सध्या पुणे)
मायलेजची तक्रार समजू शकतो. मीटरची नाही. वाइडबँड सेन्सर एएफआर मोजतच नाही, तो लॅम्डा मोजतो, आणि मीटर त्याला १४.७ नं गुणून आकडा दाखवतो. पेट्रोल असो, ई२० असो, नुसतं इथेनॉल असो, बरोबर जळलं की लॅम्डा १, आणि तुझा मीटर १४.७. १३.५ हा आकडा ई२० चा आहे, तुझ्या मीटरचा नाही. मीटर लॅम्डावर लाव म्हणजे झोप लागेल.

निपाणी २३
म्हणजे दोन वर्षं मी उगाच...

शहापूरकर (सध्या पुणे)
हो.

ऊसवाला, चिकोडी
आता माझं ऐका. इथेनॉलला रोज शिव्या वाचतोय. मायलेज सहानं कमी झालं म्हणून रडताय, आमचं उसाचं बिल महिनोन् महिने लटकायचं तेव्हा कुणी धागा काढला नाही. साखरेला भाव नसला की कारखाना हात वर करतो; इथेनॉल तेल कंपन्या उचलतात, तिथून पैसा येतो. २०३० चं टार्गेट २०२५ वर ओढलं ते तुमच्या गाड्यांसाठी नव्हे.

निपाणी २३
पाटील, बिल वेळेवर मिळालं काय यंदा?

ऊसवाला, चिकोडी
तो वेगळा विषय आहे.

निपाणी २३
तोच विषय आहे! इथेनॉल आलं, कारखान्याला पैसा आला, तुम्हाला बिल उशिराच, मला मायलेज कमी. मधल्या मध्ये गोड कुणाचं तोंड झालं ते सांगा.

ऊसवाला, चिकोडी
तुझ्या घरात चहात साखर पडते ती कुठून येते रे? भाषा नीट वापर. माझा ट्रॅक्टर डिझेलवर चालतो, मला तुझ्या पेट्रोलचं काही पडलेलं नाही.

उद्यमबागचा फिटर
भांडू नका. मी परवाच मोजलं. मोजपात्रात १०० मिली पेट्रोल, वर १०० मिली पाणी, बूच लावून हलवलं आणि ठेवून दिलं. पाण्याची रेघ वर चढून १२० च्या जरा खाली थांबली. इथेनॉल पाण्यात उतरतं, पेट्रोल वर राहतं. म्हणजे पंपवाला छापतो तेवढंच देतो, फसवत नाही. गंमत पुढची. पावसाळ्यात खानापूरकडच्या दोन गाड्या आल्या, टाकीचं झाकण नीट बसत नव्हतं, तळाला असंच पाणी-इथेनॉल साठलेलं. पंपानं तेच ओढलं. इंजिन खोकायला लागलं. एकानं तोवर नवीन कॉइल घातलेली, दुसऱ्यानं ईसीयू उघडून बघितलेला. बाटलीत घेऊन उजेडात धरलं असतं तर दोन थर दिसले असते.

डीडीआयएस खानापूर
ईसीयू उघडण्यावरून माझं दुखणं. स्विफ्ट डिझेल, ७५ पीएस, १९० एनएम. एका ट्यूनरकडं रिमॅप करून घेतला, म्हणजे ताकद वाढवायला ईसीयूतली फाइल बदलून घेतली. त्यानं एक रंगीत चार्ट दिला, आधीची रेघ खाली, नंतरची वर. लॉग मागितला तर म्हणाला 'लॉगची गरज काय, गाडी उडते की नाही?' उडाली. तीन महिन्यांनी घरचे पाच जण आणि सामान घेऊन चोर्ला चढताना तिसऱ्या गिअरमध्ये आरपीएम वर आणि गाडी जागेवर. क्लच गेला. जळका वास अजून सीटला आहे. वाढलेला टॉर्क क्लचला झेपतो का हे कुणी बघितलंच नव्हतं. मूळ फाइल परत टाक म्हटलं तर ती त्यानं ठेवलीच नव्हती. सर्व्हिस सेंटरनं वॉरंटीला हात जोडले, आणि ते चूक म्हणता येत नाही. सॉफ्टवेअर फुकटचं की पेड हे नंतर बघा. आधी स्टॉक (कंपनीची मूळ) फाइलची कॉपी स्वतःच्या पेनड्राइव्हवर घ्या.

विहीरवाला
ज्याच्या पोस्टवरून हे सगळं पेटलं तो मी. सहा जणांच्या धाग्यात माझी बाजू कुणी घेतली नाही म्हणून आलो. मी ट्यूनिंगवाल्यांबद्दल बोललोच नव्हतो. ९० टक्के लोकांची गाडी स्टॉक असते. त्यांना डोंगल पुरतो की नाही, हो किंवा नाही सांगा.

एस्टीम १३००
तुझ्या पोस्टीत 'ट्यूनिंग सॉफ्टवेअर' हाच शब्द होता. स्क्रीनशॉट टाकू?

शहापूरकर (सध्या पुणे)
स्टॉकला पुरतो. निपाणीकरांची शंकासुद्धा त्यानंच सुटेल. लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा. ई२० मुळे पेट्रोल जास्त लागतंय तर ईसीयू ते ट्रिममध्ये हळूहळू वाढवतो. तो आकडा मिनिटाला एकदा वाचला तरी चालतं. कूलंटचं तापमान, बॅटरीचा व्होल्टेज, तसंच. झटक्यात घडणाऱ्या गोष्टींना मात्र तो डोंगल म्हणजे शिंकताना काढलेला फोटो.

आणि एस्टीम, पणजीचा वाद लॉगमध्येच मिटेल. चावी लावण्याआधी आणि नंतर, तोच आरपीएम, तोच थ्रॉटल, इंजेक्टरची पल्स विड्थ (एका वेळी तो किती वेळ उघडा राहतो) काय होती?

एस्टीम १३००
बघितलं. ५२०० आरपीएम, फुल थ्रॉटल. साखळीला ९.८ मिलिसेकंद. पंपातून निघाल्यावर पहिल्या दाबणीला १०.६.

शहापूरकर (सध्या पुणे)
इंजेक्टर उघडायचा वेळ १ मिलिसेकंद वजा कर. ८.८ चं ९.६. नऊ टक्के. ९२.५ वरून १०१ म्हणजेही नऊ टक्के. पेट्रोल बदलल्यानं पल्स विड्थ वाढत नसते, अल्फा-एनवर ईसीयूला पेट्रोल बदललेलं कळतच नाही. लॅम्डा बदलला असता, पल्स नाही. बॅरोच होतं.

निपाणी २३
बरं. बॅरो होतं. लिहून ठेवा, निपाणीनं मान्य केलं. मायलेज तरी ४६ च आहे.

ऊसवाला, चिकोडी
चेनला तेल घाल आधी. हवा तपास. मग इथेनॉलला बोल.

एस्टीम १३००
मीही मान्य करतो, अर्धं. चूक सापडायला पेड व्हर्जन लागलं नाही. पण मामा, हाताखालची २५६ घरं आता मी वहीत लिहीत नाही, रविवारची दुपार मोकळी मिळते. त्या दुपारचे पैसे दिले असं धरा. बॅरोसाठी दुसरा मॅप (हवेच्या दाबाचा) सेन्सर मागवलाय, तो लागला की चालू गाडीत दाब मोजत राहील.

उद्यमबागचा फिटर
सेन्सर, वायरिंग, परत सेटिंग. घाट उतरल्यावर केरीला चहाला थांबायचं होतंस. चावी बंद, चहा, भजी, चावी चालू. बॅरो करेक्शन तीस रुपयांत. आणि बायकोही खूश.