भेटीला दोघांनी जायचं

चर्चमधल्या पुरुषांच्या गटात चहा-गप्पाच जास्त, प्रार्थना नावापुरती, असं कुणी म्हटलं तर ते मला पटत नाही. आमच्या वसईच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या भाविकांच्या समाजात) सेंट व्हिन्सेंट डी पॉल या गरजूंना मदत करणाऱ्या कॅथलिक संस्थेचं काम मी जवळून पाहतो. फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांसोबत १८३३ मध्ये पॅरिसला ती सुरू केली. (आता त्यात स्त्रियाही असतात, तेही चांगलंच.) सभेत प्रार्थना होते, मग गरजूंसाठी पैसे गोळा करायला गुप्त थैली फिरते, कोणी किती टाकले ते शेजाऱ्यालाही कळत नाही, म्हणून कमी कमावणाऱ्याला कधी अवघडल्यासारखं होत नाही.

गरजूंच्या घरी मात्र दोघांनी मिळून जायची पद्धत आहे. आजाऱ्याच्या खाटेशी रोजरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणून परतताना हेच पुरुष स्वतःच्या घरातली दुखणी, कर्जं, मुलांची काळजी एकमेकांना सांगतात. एरवी ते कुणाजवळच बोलत नाहीत.