सुंतेनंतर पुढची कातडी ऑपरेशनशिवाय वाढवता येते का? सल्ला हवा

भांडुपचा_मी
नमस्कार मंडळी, वय ३४. सातवीत असताना फायमोसिस (पुढची कातडी मागे न सरकणं) म्हणून सुंता झाली, डॉक्टर म्हणाले करा आणि घरच्यांनी केली, कुणावर राग नाही, पण कातडी इतकी घट्ट शिवलीय की ताठरता आली की ओढ बसते आणि गर्दीच्या लोकलमध्ये जीन्स घासून दिवसभर चुरचुरतं. टेप लावून किंवा हाताने ताण देऊन कातडी वाढते असं वाचलं. खरंय का? किती वेळ लागतो? मुंबईत कुणाला दाखवू? एका डॉक्टरांना विचारलं तर ते हसले, ते फार लागलं मला. बायकोला सगळं माहितीये, तीच म्हणाली विचारून बघ.

चाळीतला_गणेश
भाऊ, विचारलंस ते बरं केलंस, यात लाजण्यासारखं काही नाही. मी तीन वर्षं करतोय. कातडी वाढते, हो. भाजलेल्या पेशंटच्या कातडीखाली प्लास्टिक सर्जन सलाईनचा फुगा ठेवून हळूहळू भरतात ना, तेच तत्त्व, सतत हलका ताण राहिला की नव्या पेशी तयार होतात. पण जे कापलं गेलं ते परत येत नाही, खालच्या बाजूचा तो बारीक कातडीचा बंध, कातडीच्या टोकाचा तो नाजूक पट्टा, तिथल्या नसा, काही नाही. उरलेली कातडी लांबते आणि पुढचा भाग झाकायला लागते, एवढंच. माझ्यासाठी ते एवढंच खूप होतं, कपडे घासायचे थांबले.

पद्धत म्हणशील तर हातानेच सुरू कर. दिवसातून चार-पाच वेळा, दोन-तीन मिनिटं, अलगद. टेपचं सांगतो, आपल्याकडच्या घामात मे-जूनमध्ये तासाभरात सुटतो आणि खाली पुरळ येतं, मी कागदी टेप वापरून पाहिला, शेवटी फक्त सुट्टीच्या दिवशी घरी पंख्याखाली लावायचो, आणि काढताना खोबरेल लावून, कोरडा कधीच ओढायचा नाही. परदेशात वजनं आणि उपकरणंही मिळतात पण मी त्या वाटेला गेलो नाही. वेळ वर्षांत मोज, महिन्यांत नाही. पहिल्या सहा महिन्यांत मला काहीच दिसलं नव्हतं आणि मी जवळजवळ सोडणार होतो.

दुखलं की थांबायचं. रंग काळानिळा झाला, गार पडलं, बधिर वाटलं तर त्याच क्षणी सगळं काढ. गोल घट्ट गुंडाळायचं नाही आणि झोपताना तर काहीच बांधायचं नाही, रात्री झोपेत ताठरता येतेच, तेव्हा ते आवळतं.

ओपीडी_वाली_ताई
मी नर्स आहे, डॉक्टर नाही, पण एक गोष्ट राहिली म्हणून लिहिते. दादा, लहानपणी फायमोसिस होता ना, तर कधीकधी त्यामागे लायकेन स्क्लेरोसस नावाचा त्वचेचा आजार असतो, पांढरे कडक चट्टे येतात. तसं काही दिसत असेल तर ताण देऊ नका, आधी दाखवा. शुगरही तपासून घ्या, शुगर असली की जखम लवकर भरत नाही. केईएम, नायर, सायन कुठेही स्किन किंवा युरोलॉजीच्या ओपीडीला सकाळी लवकर जा, केसपेपर काढा आणि सरळ सांगा, "ताठरतेत कातडी ओढली जाते, दुखतं, तपासून द्या." वाढवण्याचं नंतर विचारा. यावर संशोधन फार थोडं आहे, त्यामुळे सगळ्या डॉक्टरांना माहिती असेलच असं नाही, पण तपासणी मात्र नीट करतील. आणि हो, कुणी हसलं तर दुसऱ्याकडे जायचं, तो तुमचा दोष नाही.

चाळीतला_गणेश
ताईंचं बरोबर, हे मला सुरुवातीला कुणी सांगितलं नव्हतं. आणि हे काही आजचं खूळ नाही हां, पहिल्या शतकात रोमच्या सेल्सस नावाच्या लेखकाने कातडी पुढे आणायचे उपाय लिहून ठेवलेत, तेही चक्क कापून करायचे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला १९८९ मध्ये अशा पुरुषांचा आधारगट निघाला, त्याचंच नाव पुढे नॉर्म पडलं. एकटे आपणच नाही हे कळलं तेव्हा मला रात्री नीट झोप लागली होती.

भांडुपचा_मी
दोघांचे मनापासून आभार. ताई, खालच्या बाजूला एक पांढरट ठिपका आहे, मी तो टाक्यांचा व्रण समजत होतो. आता हात लावत नाही. सोमवारी हाफ डे टाकून सायनला जातो, मग इथेच सांगतो काय म्हणाले ते.