इस्त्रीवाल्याला 'लोंढा' म्हणायचं का?

भांडुपकर
आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली एक इस्त्रीवाला बसतो, जौनपूरचा, बावीस वर्षं झाली असतील. परवा सोसायटीच्या ग्रुपवर निघालं की त्याचं टेबल हलवा, बाइक लावायला जागा हवी. ठीके, जागेचा वाद आहे, मीटिंगमध्ये बोलू. पण एकाने लगेच टाकलं 'या लोंढ्यांनीच मुंबईची वाट लावली' आणि खाली धडाधड अंगठे. अरे त्याची पोरगी पालिकेच्या मराठी शाळेत सातवीला आहे, माझा मुलगा कॉन्व्हेंटमध्ये, आणि 'ळ' तिचा नीट लागतो, ह्याचा नाही. माझा आजा मालवणहून बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरला, गिरणीत बदलीवर लागला, एका खोलीत पंधरा गडी पाळीपाळीने झोपायचे. त्याला कुणी लोंढा म्हणालं असतं तर आजीने झाडू काढला असता.

खराबोलतो
दादा, आजोबांचं उदाहरण इथे बसत नाही. मालवण महाराष्ट्रात आहे. 106 हुतात्मे झाले तेव्हा 1960 ला मुंबई आपल्याला मिळाली, ती तुमच्या आजोबांसारख्यांच्या जिवावर. इस्त्रीवाल्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, पोरगी मराठी शिकतेय तर उत्तमच. पण बँकेत मराठीत विचारलं की समोरचा म्हणतो हिंदी में बोलो, आणि आपण बोललो की आपण संकुचित. रेल्वे भरतीची जाहिरात मराठी पेपरात येत नाही म्हणून 2008 ला केवढं पेटलं होतं, विसरलात? आणि लालबाग-परळची आपली माणसं आज कुठे आहेत, बदलापूर नाहीतर विरारला, सकाळची लोकल पकडायला चारला उठतात. ह्यावर कोण बोलणार?

लालबागचा_बाळ्या
मी बोलतो ना, माझे वडील गिरणी संपात होते. जानेवारी 1982, अडीच लाख कामगार बाहेर, घरात कांदा-भाकर. त्यानंतर काय झालं ते नीट बघा. 1991 चा नियम असा होता की गिरणीची जमीन डेव्हलप करायची तर ढोबळ तीन वाटे, एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 ला नियम फिरवला, वाटणीत फक्त आधीच रिकामी असलेली जमीन धरायची, गिरणीच्या इमारतीखालची नाही. झालं, पालिका आणि म्हाडाच्या हातात तुकडे आले. 2006 ला सुप्रीम कोर्टातही तेच टिकलं. आता तिथे मॉल आहेत, टॉवर आहेत. ह्यात जौनपूरच्या माणसाने कुठल्या कागदावर सही केली मला दाखवा. आपल्याला बदलापूरला ज्यांनी धाडलं त्यांच्या टॉवरच्या गेटवर आपल्याला आत पण सोडत नाहीत, म्हणून राग जिन्याखाली काढायचा.

कल्याणस्लो
बाळ्याशेठ, नियमाचं पटलं. पण गर्दी खरी आहे की नाही? मी रोज ठाण्याला दारात लटकतो. पाणी, गटार, हॉस्पिटलचा पलंग, सगळ्याला मर्यादा आहे आणि हे नुसतं बोललं तरी लोक द्वेष्टा म्हणतात. तो पण अन्यायच आहे हां.

शालूताई
कल्याणस्लो भाऊ, गर्दीचं बोला, कोण अडवतंय. पण शब्द बघा आपले. लॉकडाऊनमध्ये 14 एप्रिल 2020 ला वांद्र्याला स्टेशनबाहेर घरी जायला माणसं जमली, मग 8 मेला करमाडजवळ रुळावर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली गेले, तेव्हा ह्याच ग्रुपांवर 'बिचारे' चाललं होतं. म्हणजे आले की लोंढे, गेले की बिचारे. मधली वीस वर्षं ते आपले कपडे इस्त्री करतात, त्याला शब्दच नाही आपल्याकडे.

दुसरं म्हणजे सगळे फक्त पुरुषांचं बोलतात. गिरणगावात एकट्या कामगारांना जेवायला कोण घालत होतं? खानावळवाल्या बायका, त्याही गावाकडून आलेल्याच. दिवसाला दोन वेळा वीस-वीस ताटं, पैसे पगार झाला की, आणि तोपर्यंत वाण्याचं उधार व्याजाने. प्रेमाताई पुरव यांनी 1975 ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते ह्यांच्यासाठी, म्हणजे सावकार सुटावा, बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. माझी सासू त्यातलीच. एवढं राबून तिला कुणी 'योगदान' बिगदान म्हटलं नाही कधी, मावशी म्हणायचे. आता इस्त्रीवाल्याची बायको तीन घरची पोळ्या-भाजी करते, तिचं नाव विंगमध्ये किती जणांना माहीत आहे?

खराबोलतो
मला नाही माहीत, कबूल. पण ताई, इस्त्रीवाला आणि तो बँकवाला एका पारड्यात तुम्ही पण नका टाकू. पोट भरायला आलेला वेगळा, वर्षानुवर्षं राहून 'मराठीची गरजच काय' म्हणणारा वेगळा. दुसऱ्याला मी ऐकवणार.

भांडुपकर
ऐकवाच, मी पण येतो बँकेत. मी तेच तर म्हणतोय, ज्याने जे केलं त्याचं त्याला ऐकवा, त्याच्या तोंडावर. 'हे लोक' म्हटलं की माझा इस्त्रीवाला पण त्यात भरडला जातो. बाकी टेबलाचं रविवारी ठरेल. ज्यांनी लोंढा लिहिलं त्यांच्या तीन साड्या आणि एक सफारी अजून त्याच्याकडेच पडून आहेत असं कळलं.

लालबागचा_बाळ्या
बँकेत जाताय तर वाटेत ती एक सोसायटी पण घ्या, मच्छी खाता म्हणून माझ्या भाच्याला भाड्याने घर नाकारणारी. तिथला सेक्रेटरी मराठीच निघाला.