मदत हवी आहे: ग्रीन कार्ड आहे, लग्न भारतात, बायकोला अमेरिकेत कसं आणावं?

प्रश्न
नोकरीतून मिळालेल्या ग्रीन कार्डाला ३ वर्षं झाली. डिसेंबरात लग्न आहे. होणारी बायको भारतात असते, तिला आधीच्या लग्नातली ९ वर्षांची मुलगी आहे. के-१ व्हिसा काढावा, लग्न करून अर्ज भरावा, की सिटिझनशिपपर्यंत थांबावं? मधल्या काळात टूरिस्ट व्हिसावर येता येईल का?

प्रतिसाद १
के-१ सोडून द्या, तो फक्त अमेरिकन नागरिकांच्या वाग्दत्त जोडीदारासाठी आहे. तुमची कॅटेगरी एफ२ए: ग्रीन कार्डधारकाचा जोडीदार आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुलं.

थांबू मात्र अजिबात नका. यूएससीआयएसला (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) आय-१३० (नातेवाइकासाठीचा अर्ज) मिळाला ती तारीख म्हणजे तुमची प्रायॉरिटी डेट, आणि व्हिसा बुलेटिनमध्ये (व्हिसाची रांग कुठवर आली ते सांगणारा सरकारी मासिक तक्ता) नंबर त्याच तारखेवर लागतो. साखरपुड्यावर अर्ज भरता येत नाही, म्हणून लग्न झाल्या झाल्या नोंदणीच्या मागे लागा. प्रमाणपत्र मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा. त्याखाली भाषांतरकाराने 'भाषांतर पूर्ण व अचूक आहे, मला दोन्ही भाषा येतात' असं लिहून सही करायची. हे राहिलं की जादा पुरावा मागणारं पत्र येतं आणि वेळ जातो. बायकोचा घटस्फोटाचा हुकूमनामा, आय-१३०ए (जोडीदाराच्या माहितीचा पुरवणी फॉर्म) आणि दोघांचे २ बाय २ इंचाचे फोटोही लागतील. हुकूमनाम्याची तारीख लग्नाच्या आधीचीच हवी, नाहीतर लग्नच ग्राह्य धरलं जात नाही.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. सिटिझनशिपचं गणित: ५ वर्षं पूर्ण व्हायच्या ९० दिवस आधी एन-४०० (सिटिझनशिपचा अर्ज) भरता येतो, म्हणजे तुम्हाला साधारण पावणेदोन वर्षांनी. शपथ झाली की सर्टिफिकेटची प्रत, केस जिथे असेल तिथे, यूएससीआयएसला किंवा नॅशनल व्हिसा सेंटरला (मंजूर अर्ज वकिलातीकडे जाण्याआधी हाताळणारं केंद्र) पाठवा. बायको 'इमिजिएट रिलेटिव्ह' (नागरिकाची जवळची नातेवाईक) होते आणि व्हिसा बुलेटिनची रांग संपते.

पण मुलीचं नीट बघा. एफ२एमध्ये ती आईच्याच अर्जावर येऊ शकते. तुम्ही नागरिक झालात की ती सोय जाते, कारण इमिजिएट रिलेटिव्हच्या अर्जावर दुसरं कुणी येत नाही. आईचा व्हिसा तयार आणि मुलगी मागे, अशी वेळ यायला नको. म्हणून तिचा वेगळा आय-१३० आत्ताच भरा. तिच्या १८ व्या वाढदिवसाआधी लग्न झालं की सावत्र मूल म्हणून ती पात्र ठरते. एप्रिल २०२४ च्या दरांप्रमाणे ऑनलाइन अर्जाचे ६२५ डॉलर, कागदी अर्जाचे ६७५. दुसऱ्या अर्जाचे पैसे वाचवू नका.

प्रतिसाद ३
टूरिस्ट व्हिसाला बंदी नाही, पण 'परत जाणार' हे पटवणं बायकोला जड जाईल. डीएस-१६० मध्ये (टूरिस्ट व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म) 'तुमच्यासाठी कुणी इमिग्रंट पिटिशन भरलं आहे का', हा प्रश्न असतो. आय-१३० भरलेला असताना 'नाही' लिहिलं तर खोटी माहिती दिल्याचा ठपका बसतो आणि पुढचा इमिग्रंट व्हिसाही अडकतो. आणि व्हिसा मिळाला तर मुदतीच्या आत परतायचं: एफ२एमध्ये असताना मुक्काम उलटला, तर अमेरिकेत राहून आय-४८५ (ग्रीन कार्डाचा अर्ज) भरायची वाट बंद होते.

तुम्हीच तिकडे जाऊन राहायचं म्हणाल तर एका खेपेला ६ महिन्यांच्या आत परता. री-एंट्री परमिटने (जास्त काळ बाहेर राहून परत येण्याचा परवाना) ग्रीन कार्ड वाचतं, एन-४०० साठीचं सलग वास्तव्य त्याने वाचत नाही. शिवाय ५ वर्षांत निदान ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत भरावे लागतात. पासपोर्टावरचे शिक्के समोर ठेवून आत्ताच दिवस मोजून घ्या.